पूजेतली बडी

क्यू जागेवर नव्हता. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या गोधड्यांच्या मागं त्याची लांब काळी पेटी होती, पण तिची चेन उघडी होती आणि आतले मखमलीचे दोन्ही खळगे रिकामे होते. तरी मी पेटीत कोपरापर्यंत हात घातला. एवढी लांब वस्तू अस्तराच्या घडीत कुठं दडून बसणार होती कोण जाणे. सकाळी गणेशचा फोन आला होता. मोरजीला टॅक्सी चालवतो तो, आणि पावसाळ्याच्या आधीपासून त्यानं मला एकदाही फोन केला नव्हता. "प्रवीणबाब, दनपारां सदाशिवाच्या बारात ये मरे. मांद्र्याचे येतले आसत खेळूक. तू ये. बडी घेवन ये," असं एका दमात बोलून, मी होय म्हणायच्या आत त्यानं फोन ठेवलासुद्धा. तू ये. ते दोन शब्द मी न्हाणीघरापासून कपाटापर्यंत मनात घोळवत आलो होतो. पन्नाशीला टेकलेला मी माणूस, मोपाच्या विमानतळावर पार्सलांच्या गोदामात कागद तपासतो, आणि मला कुणीतरी 'तू ये' म्हणतं यात एवढं हुरळण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पण आंघोळीच्या आधी केलेली दाढी मी आंघोळीनंतर पुन्हा केली होती.

बडी म्हणजे काठी. म्हशीच्या पाठीत घालायची ती बडी, म्हाताऱ्याच्या हातातली ती बडी, आणि पूल खेळायचा माझा क्यू, पुढच्या अर्ध्या भागाला कार्बनचा दांडा लावलेला, समुद्र ओलांडून आलेला, तीही मोरजीत बडीच. सुरुवातीला मी तिथल्या खेळणाऱ्यांना 'क्यू' म्हणा रे असं सांगत असे. मग सोडून दिलं.

मी हॉलमध्ये आलो आणि आधी वास आला, खोबरेल तेलाचा. आज खंडेनवमी आहे हे मी विसरलो होतो असं नाही, म्हणूनच तर सुट्टी होती; पण खंडेनवमीचा आणि माझ्या कपाटाचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. देव्हाऱ्यासमोर पाटावर दरवर्षीप्रमाणे घरातली हत्यारं मांडली होती. कोयता, नारळ खवायची आदोळी, माझ्या बायकोची, शालिनीची, कापड कापायची मोठी कात्री, पाने, स्क्रू ड्रायव्हर, गाडीची चावी, सिद्धीची शाळेतली कंपासपेटी, आणि बाबांच्या ट्रकची ती दुसरी चावी. तो ट्रक भंगारात जाऊन वर्षं लोटली, तरी शालिनी चावी मांडतेच. या सगळ्यांच्या पुढं, पाटावर मावत नाही म्हणून तिरका, माझा क्यू होता. दोन्ही भाग नीट जोडलेले. बुडापासून टोकापर्यंत तेलानं चकचकणारा. मधोमध झेंडूची माळ, आणि अगदी टोकाला, टिपेवर, ओल्या कुंकवाचं बोट.

"शालिनी!" मी ओरडलो.

ती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि माझ्याकडं न बघता पाटाकडं बघून हसली. किती तरी दिवसांनी अशी हसली असेल. "दिसला? मी म्हटलंय, तुमी कपाट उघडल्याशिवाय तुमका कळूचा नाय."

"तेल कोणें लावूंक सांगलें तुका?"

"सांगूक कित्याक होया? माझ्या शिलाईच्या मशिनीक लावतंय, कोयत्याक लावतंय, तसा तुमच्या बडीक लावलंय. तुमचा हत्यार ता. रोज पुसत बसतास."

ती बांद्याची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती तिचं मालवणी बोलते आणि मी माझं गोव्यातलं, डिचोलीकडचं कोकणी, आणि आमचं कधी अडलं नाही. किंवा अडलं तेव्हा भाषेमुळं नाही. मी त्या टिपेकडं बघत होतो. टीप म्हणजे क्यूच्या टोकाचा चामड्याचा छोटा तुकडा. खेळायच्या आधी तिला खडू घासायचा. खडू धरला तरच ती बॉलला धरते, नाहीतर घसरते आणि पांढरा बॉल भलतीकडं जातो. तेल प्यायलेल्या चामड्याला खडू धरत नाही. तो तुकडा मी किती संध्याकाळी बारीक कानसीनं घासून नाण्याच्या कडेसारखा गोल केला होता, ते मला आठवलं.

"हत्यार न्हय गो तें!" मी म्हणालो. "खेळणें तें! खेळणें!"

बोललो आणि माझंच वाक्य मला ऐकू आलं. हे तोंडून जाऊ नये म्हणून मी दीड-दोन वर्षं केवढी खबरदारी घेतली होती. शालिनीनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. "मगे खेळण्याची पूजा केलंय," ती म्हणाली. "त्येका काय पाप लागूचा नाय. पण आज उचलूचा नाय हां. उद्या उत्तरपूजा झाली की घेवा." आणि ती आत गेली, कारण फोडणी जळत होती.

सिद्धी, आमची मुलगी, नोकरीसाठी बंगळुरूला गेली त्या वर्षी हे सुरू झालं. घरात संध्याकाळी एक प्रकारची शांतता येऊ लागली. टीव्ही चालू असायचा, मशीन चालू असायची, तरी शांतता. मी स्कूटर काढून मोरजीला जाऊ लागलो. तिथं आतल्या बाजूला, नदीकडं जाणाऱ्या रस्त्यावर सदाशिवाचा बार आहे, आणि बारात एक पूलचं टेबल, कुणा रशियनाचा क्लब बंद पडला तेव्हा सदाशिवानं टेम्पोत घालून आणलेलं. निळं कापड, एका कोपऱ्यात सिगारेटचं भोक, आणि सगळं टेबल नदीच्या बाजूला किंचित उतरतं. तिथल्या बड्या भिंतीला टेकवून टेकवून धनुष्यासारख्या झालेल्या. गणेश, गेस्टहाऊसवाला कृष्णनाथ, जलक्रीडेच्या बोटी चालवणारा निलेश, कधी सदाशिव स्वतः, सगळे त्या बड्यांनीच खेळायचे आणि छान खेळायचे. कुठली बडी कुठं वळते ते त्यांना ठाऊक. मला जमेना. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. लोक निदान अंगणाला नावं ठेवून थांबतात. मी नवीन अंगण मागवलं.

पहिला क्यू साधाच होता. पण तो मागवण्यासाठी मी पुण्याच्या एका दुकानाला फोन केला, आणि तिथल्या माणसानं मला विचारलं, "सर, आधी तुमच्या हाताबद्दल सांगा." मी म्हटलं, हाताबद्दल काय? तो म्हणाला, तळहाताला घाम येतो का, बोटं लांब आहेत की आखूड, मागचा हात घट्ट धरता की सैल, मारताना मनगट वळतं का, खांदा दुखतो का. मी बाल्कनीत उभा होतो. समोरच्या माडावर कुणीतरी चढलं होतं. मी माझा उजवा हात वर धरून, उलटा-सुलटा करून, त्या अनोळखी माणसाला सगळं सांगितलं. घाम येतो. करंगळी थोडी वाकडी आहे, लहानपणी ट्रकच्या फळीत सापडली होती. खांदा दुखतो, पण पावसातच. तो 'अच्छा, अच्छा' म्हणत ऐकत होता. त्याचा तो धंदा होता हे मला कळत होतं, मी काही दूधखुळा नाही. पण माझ्या हाताची चौकशी कुणी केल्याला किती काळ लोटला होता ते मी त्या दिवशी मोजायला गेलो आणि मला आठवेना.

त्यानंतर मला वस्तू लागतच गेल्या. हातमोजा लागला, तीन बोटांचा. परदेशी खडू लागला, एवढासा चौकोनी तुकडा, त्याची किंमत मी शालिनीला निम्मी सांगितली आणि ती निम्मी ऐकूनच तिचा कणीक मळणारा हात थांबला. पेटी लागली. पहिला जोरदार फटका मारायला वेगळा क्यू असतो, त्यानं नुसता डाव फोडायचा, खेळायचा नाही, तो लागला. प्रत्येक वेळी आधी तो फोन, त्या गप्पा, मग वाट बघणं, मग दारात पार्सलवाला, 'प्रवीण गावकर तुम्हीच ना?' दिवसभर मी दुसऱ्यांच्या पार्सलांवरची नावं वाचतो. माझ्या नावाचं पार्सल माझ्या हातात आलं की मी ते लगेच फोडत नसे. आणि मग मोरजीत चार दिवस त्या वस्तूची चर्चा. "हौसेला मोल ना रे बाबा," असं सदाशिव म्हणायचा. गणेश माझ्या पेटीला वाकून नमस्कार करायचा. "बडी सोन्याची, पूण मारपी तोच मरे!" सगळे हसायचे, मीही हसायचो, मनापासून. त्या हसण्यात मी बसलेला असायचो. चर्चा ओसरली की मी पुण्याला फोन लावायचो.

कार्बनचा दांडा आला आणि तिथं कुठंतरी बिघडलं. ती वस्तू खरंच देखणी होती; काळी, गार, कान लावला तर आत काही नाही असा पोकळ आवाज. मी ती टेबलावर ठेवून खडू काढायला वळलो तेवढ्यात कृष्णनाथानं ती उचलली. तो तळलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, खात होता.  मी, आईशपथ, फक्त क्यू त्याच्या हातून घेतला आणि पेटीतलं करडं फडकं काढून वरपासून खालपर्यंत पुसला. दोनदा. सगळे बघत होते. कृष्णनाथानं बोटं चाटली आणि म्हणाला, "माफ कर हां, सायबा." त्या दिवसापासून मी प्रवीणबाबचा साहेब झालो. भांडण झालं असतं तर मिटलंही असतं. पण साहेबाशी कोण भांडतो? मी गेलो की टेबलाभोवती चौघं आधीच जमलेले असत. 'बसा सायबा, हो डाव जावंदी' म्हणत, आणि तो डाव काही संपत नसे. मग मी दुपारी जाऊ लागलो, बार रिकामा असतो तेव्हा. सदाशिव गल्ल्यावर मान टाकून झोपलेला. मी बॉल मांडायचो, फोडायचो, आणि दोन्ही बाजूंनी मीच खेळायचो. एकाला दुसऱ्यापेक्षा चांगलं खेळू द्यायचं नाही, प्रामाणिकपणे, हे सोपं नसतं. बॉल भोकात पडला की टेबलाच्या पोटातून गडगडत जायचा आणि त्या आवाजानं सदाशिव एक डोळा उघडून पुन्हा मिटायचा. मी हरलो की मीच जिंकायचो, आणि दोन्हींचं सारखंच वाईट वाटायचं.

हे सगळं मी पाटासमोर उभा राहून आठवत होतो आणि आतून मसाल्याचा वास येत होता. उचलावा का? एक माळ तर काढायची होती. टीप कापून नवीन बसवायला वेळ नव्हता, पण दुसऱ्या क्यूचं टोक होतं, काहीतरी जमवता आलं असतं. मी खाली बसलो. बाबा आठवले. डिचोलीकडं, पाळी गावात, आमच्या घरासमोर फणसाखाली बाबांचा ट्रक असायचा. शंभू गावकराचा ट्रक म्हणून पंचक्रोशीत ओळख. खनिज वाहून वाहून त्याचा मूळ रंग कुणाला आठवत नव्हता, आणि आमच्या कानांतसुद्धा लाल माती असायची. खंडेनवमीला बाबा त्याला नदीवर नेऊन धूत, तेल लावत, केळीचे खांब बांधत, चाकाखाली लिंबू ठेवत. मग खाणी बंद पडल्या. ट्रक फणसाखालीच राहिला, टायर मातीत रुतले, इंजिनात मांजर व्यायली. आणि तरी नवमीला बाबा बादली घेऊन त्याला धूत होते, हार घालत होते. "जो ट्रक चलना ताची कसली पूजा?" असं मी म्हणालो तेव्हा त्यांनी टपावरून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "चलना म्हणून आपलो न्हय काय?" मला तेव्हा त्यांची लाज वाटली होती, गावात हसत असतील म्हणून. आता मी माळेला हात लावला आणि मला दिसलं की क्यूच्या खाली, पाटाच्या लाकडाला घासू नये म्हणून, ते करडं फडकं घडी करून ठेवलंय. मी ठेवतो तशी, चार पदरी घडी. म्हणजे ती बघत होती. मशीन चालवता चालवता, टीव्ही बघता बघता, ती माझे हात बघत होती.

मी माळ सरळ केली आणि उठलो.

गाडीची चावी पूजेत, म्हणून शालिनीची स्कूटर घेतली. पेडण्यात देवळाकडं दसऱ्याची झाडलोट चालली होती, माणसं शिड्यांवर चढून दिव्यांच्या माळा बांधत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पिवळं पडत आलं होतं. रिकाम्या हातानं जातोय याची मला आधी धास्ती वाटली, पण जसजशी मोरजी जवळ येऊ लागली तसतसं उलट बरं वाटू लागलं. वाकड्या बडीनं खेळेन. हरेन. कृष्णनाथ हसेल. हसू दे. मुद्दाम सुंगटं मागवीन आणि तेलकट हातानंच खेळेन. मनातल्या मनात मी त्या दुपारची सगळी वाक्यं बोलून टाकली, त्यांचीसुद्धा, आणि एका वळणावर मला स्वतःच्याच एका विनोदाचं हसू आलं.

बारासमोर गणेशची टॅक्सी नव्हती. तीही घरी पूजेत असणार, म्हणून तर सगळे मोकळे होते. आत गर्दी होती. शेजारच्या मांद्रे गावचे चार तरुण टेबलापाशी उभे होते, चौघांच्याही खांद्याला माझ्यासारख्याच काळ्या पेट्या. गणेश मला बघून पुढं आला, हात पसरून आला, आणि त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर न थांबता खाली माझ्या हातांवर गेली, मग माझ्या मागं, स्कूटरकडं.

"बडी खंय?"

"पूजेक लायल्या," मी म्हणालो. "बायलेन. आज उखलूंक जायना."

"बडी? पूजेक?" तो म्हणाला, आणि मागून कृष्णनाथ ओरडला, "सायबाची बडी देवघरात पावली रे!" सगळे हसले. मीही हसलो. पण गणेश हसला नाही. पूजेतली वस्तू उचलत नाहीत हे त्यालाही मान्य होतं, त्यावर बोलायला जागाच नव्हती, आणि त्यामुळंच त्याचा जास्त हिरमोड झाला होता. "अरे, बडयेखातीर तर तुका फोन केलो मरे," तो हळू आवाजात, अगदी मोकळेपणानं म्हणाला. "ते सगळे सोताच्यो बड्यो घेवन आयल्यात. हांव खेळपाचो आसलों तुजे बडयेन. आमी चौग जाण आसातच." आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "जांव दी. तू तरी कितें करतलो."

त्याच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. फोनवरही त्यानं सगळं सांगितलं होतं, 'तू ये. बडी घेवन ये,' शब्द न् शब्द; माझंच लक्ष पहिल्या अर्ध्यावर अडकून राहिलं होतं. सदाशिव म्हणाला, "बस रे, कदेल घे," आणि त्यानं खरंच एक प्लॅस्टिकची खुर्ची माझ्याकडं सरकवली. मी बसलो. निलेशनं भिंतीवरची एक बडी उचलून डोळ्यासमोर धरली, तिचा बाक बघितला, दुसरी घेतली. डाव फुटला. मी बॉल बघत होतो, टेबल कुठं उतरतं ते मला त्यांच्याइतकंच ठाऊक झालं होतं, दुपारच्या माझ्या एकट्याच्या खेळांनी. गणेशचा एक फटका चुकला तेव्हा मी 'नदीच्या कुशीक वळटा' असं म्हणालो, पण कुणाला ऐकू गेलं नाही. थोड्या वेळानं मी उठलो. पाण्याची बाटली घ्यायला उठतो तसा उठलो, आणि बाहेर येऊन स्कूटर चालू केली.

मला खूप एकटं वाटत होतं. याहून वेगळ्या शब्दांत सांगायची मला गरज वाटत नाही. वाटेत पोदेराच्या बेकरीशी थांबून गरम उंडे, आमचे गोल पाव, घेतले, कारण रिकाम्या हातानं दुसऱ्यांदा कुठं जायचं नव्हतं.

घराचं दार उघडंच होतं, दुपारी आम्ही वाऱ्यासाठी उघडं ठेवतो. जिन्याच्या शेवटच्या वळणावर मला शालिनीचा आवाज आला. ती सिद्धीशी फोनवर बोलत होती, आणि सिद्धीशी बोलताना ती नेहमीच थोडी ओरडून बोलते, बंगळुरू लांब आहे म्हणून.

"नाय गो, बाबा नाय घरात. खेळूक गेले. त्येंका फोन इल्लो!... अगो खरांच. सकाळी मी बडीक कुंकू लावलंय काय नाय, थोड्या वेळान फोन वाजलो. म्हणान सांगतंय तुका, देवाक समाजता... नाय, रागावले माझ्यार, तेल लावलंय म्हणान. पण बडी उचलूक नाय त्येंनी. तसेच गेले." मग ती थोडी थांबली, आणि आवाज खाली आला; मी जिन्यात होतो म्हणूनच ऐकू आला. "तुका मी बोलूक नाय. सदाशिवाची बायल माका बाजारात गावली होती. म्हणता, तुझो घोव दुपारचो येता आणि एकटोच खेळता. दोनय बाजूंनी आपणच. माका इतक्या वायट वाटला गो... मगे मी काय करतलंय? माका काय तो खेळ येता? म्हणान पूजेक घातलंय. म्हटलंय, देवा, ह्येंका माणसां मिळांदी."

मी उंडे छातीशी धरून उभा होतो. मग एकेक पायरी, चप्पल वाजू न देता, खाली उतरलो.

इमारतीच्या मागं नारळांच्या सोलणांचा ढीग आहे, तिथं कठड्यावर बसलो. एक डाव किती वेळ चालतो, मग दुसरा, मग थोड्या गप्पा, मोरजीहून परतायचा रस्ता, असा मी हिशेब करत बसलो. लवकर वर जाऊन चालणार नव्हतं. देवानं तिचं काम केलं होतं, आता उरलेलं मला करायचं होतं. उंडे निवून गेले. वरच्या मजल्यावर मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. पूजेत कात्री होती, मशीन नव्हती, हे मला तेव्हा कळलं. तिनं स्वतःचं हत्यार आज सुट्टीवर पाठवलं नव्हतं.

उन्हं कलल्यावर मी वर गेलो. मुद्दाम जोरात पाय वाजवत गेलो.

"इलास?" मशीन थांबली. "झालो खेळ?"

"झालो. दोन डाव जिंकलों."

"बडी नसताना?"

"थंयची वाकडी घेतली."

तिनं चष्मा काढला. "वाकड्या बडीन जिंकलास? म्हणजे एवढे पैसे फुकटच गेले म्हणा." आणि तोंडावर पदर धरून ती हसायला लागली, आणि मला हसावंच लागलं, कारण बोलली ती अगदी खरं होतं. मग तिनं चहा टाकला. समोर कोण होते, असं तिनं विचारलं. मांद्र्याचे, मी म्हणालो, एक जाडा होता, एकाच्या कानात बाळी. गणेश काय म्हणाला? गणेश म्हणाला, प्रवीणबाब, तू होतास म्हणून. आणि कृष्णनाथ? त्यानं सुंगटं मागवली, मी म्हणालो, आणि मला जबरदस्तीनं खायला लावली. मी सांगत होतो आणि ती उंडे चहात बुडवून खात ऐकत होती, मध्येच 'मगे?' म्हणत. तिला कुठला बॉल कुणाचा ते कळत नव्हतं, मी कपबशा मांडून दाखवलं. किती वेळ गेला कोण जाणे. आम्ही दोघं एवढा वेळ, सलग, एकमेकांकडं बघत, शेवटचं कधी बोललो होतो? आणि बोलत होतो ते न झालेल्या खेळाबद्दल. एकदा मला वाटलं, सांगून टाकावं. तोंडापर्यंत आलं. सांगितलं असतं तर तिनं समजून घेतलं असतं, मान हलवली असती, कप उचलले असते, आणि ती मशीनवर जाऊन बसली असती.

"शेवटचो कसो मारलास, दाखवा," ती म्हणाली.

"बडी खंय आसा?"

"बडी कित्याक होयी? हातान दाखवा."

तिनं कप बाजूला केले, आत जाऊन टोपलीतलं एक लिंबू आणलं आणि जेवणाच्या टेबलावर, मेणकापडाच्या मधोमध ठेवलं. मी उभा राहिलो. पाय फाकवले, वाकलो, डाव्या हाताची बोटं मेणकापडावर रोवून त्यांचा पूल केला, अंगठा वर. उजवा हात मागं नेला. त्यात काही नव्हतं. वाकडी करंगळी नेहमीसारखी बाजूला राहिली आणि ती तिकडं बघत होती. तिच्या हाताला तेलाचा आणि कुंकवाचा लाल डाग अजून होता, आणि अंगठ्याशी एक जुना व्रण होता, सुईचा की आदोळीचा, मी कधी विचारलं नव्हतं. पाटावर माझा क्यू माळ घालून निजला होता. मी उजवा हात पुढं-मागं केला, एकदा, दोनदा, श्वास धरला आणि मारलं.

लिंबू जागचं हललं नाही. कसं हलणार? मी तसाच वाकून राहिलो. मग शालिनीनं एक बोट पुढं केलं आणि लिंबाला हळूच ढकललं. ते गडगडत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं, कडेला थोडं रेंगाळलं आणि खाली पडलं.

"गेलो!" ती म्हणाली, आणि तिनं टाळी वाजवली.

"गेलो," मी म्हणालो.

"मगे?"

अजून दुसरा डाव सांगायचा राहिला होता. मी खुर्ची ओढून बसलो, आणि त्याची सुरुवात कुणी केली असेल याचा विचार करू लागलो.